सोमवारची तबकडी

मिस्त्रींवर मी पहिल्या दिवसापासून संशय घेतला. घेण्यासारखाच माणूस होता, त्याला मी काय करू? मालक समोरून आले तर मान वर करायचे नाहीत, आणि बंद पडलेल्या इंजिनाला मात्र "काय झालं बाबा तुला?" म्हणून विचारायचे. केसाला तेल नाही. सिनेमा नाही. तालमीच्या राजकारणात नाहीत, गल्लीच्या गणपतीत नाहीत. कुणाच्या माघारी कुणाबद्दल चकार शब्द नाही. एवढं सगळं नसलेल्या माणसात कुठंतरी पाणी मुरत असणार, असं कुणालाही वाटेल. मला तर वाटणारच, कारण संशय घेण्याचाच मला पगार मिळायचा.

मी इन्स्पेक्शनला होतो. कोल्हापुरात उद्यमनगरात तेव्हा गल्लीगल्लीत ऑईल इंजिनं बनायची. नदीचं पाणी उसाला पाजायला शेतकरी ती न्यायचे. आमच्या कारखान्यात भट्टीतून ओतून आलेला प्रत्येक भाग आधी माझ्या टेबलावर यायचा. मी मापं घ्यायचो, फॉर्म भरायचो, शिक्का मारायचो. फॉर्मच्या तळाला दोनच रकाने, पास आणि रिजेक्ट. सगळे भाग जोडून इंजिन उभं राहिलं की ते मिस्त्रींकडं जायचं आणि ते चालवून बघायचे. म्हणजे मी तपासलेलं हा माणूस पुन्हा तपासणार! आमचं तिथंच वाजलं.

त्यांची तपासायची तऱ्हा अशी, की लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालत्या इंजिनाला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग डोळे न उघडताच म्हणायचे, "बेअरिंग ढिल्लं हाय."

"मिस्त्री, मी मापलंय की. बरोबर आहे."

"माप बरोबर असंल. आवाज बरोबर न्हाय."

उघडून बघावं तर बेअरिंग ढिलं. दर वेळी नाही, पण दहांत नऊ वेळा. त्या दहाव्या वेळेची मी वाट बघत बसायचो, आणि ती आली की आठवडाभर चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगायचो. मिस्त्रीही तिथंच बसलेले असायचे. "व्हय, चुकलं माझं," म्हणायचे आणि बशीतला चहा फुंकायचे. चूक इतक्या सहज कबूल करणाऱ्या माणसाचा तर मला जास्तच संशय यायचा.

त्यांचं खरं वैर होतं ते रंगाशी. रंग म्हणजे लबाडी, हे त्यांचं ठाम मत. घराच्या भिंतींनाही त्यांनी रंग दिला नव्हता. त्यामागं कारखान्यातली एक गोष्ट होती. इंजिनाची बॉडी ओतताना कधी कधी हवा अडकते आणि लोखंडात भोक राहतं. अशी बॉडी फोडून परत भट्टीत टाकायला पाहिजे. पण भोक लहान असलं तर आमच्याकडं त्यात लांबी, म्हणजे घट्ट लगदा, भरायचे, वरून कानस मारायचे, हिरवा रंग द्यायचे आणि गप्प बसायचे.

एकदा शाहूवाडीकडचे एक म्हातारे शेतकरी इंजिन न्यायला आले. त्या काळी इंजिन न्यायचं म्हणजे नवरी न्यायचा थाट. नारळ, हळदकुंकू, झेंडूची माळ, सोबत चार भाऊबंद. मालक स्वतः बाहेर येऊन उभे. म्हाताऱ्यानं इंजिनाला कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि तेवढ्यात मिस्त्री छिन्नी-हातोडी घेऊन आले.

"पावणं, जरा सरका."

"अहो, काय करताय?" मालक ओरडले.

मिस्त्रींनी बॉडीच्या खालच्या अंगाला एक टोला घातला. बोटाच्या पेराएवढी लांबी टपकन खाली पडली आणि आतलं भोक उघडं पडलं.

"आता न्या, न्यायचं तर," मिस्त्री म्हणाले. "इंजान चांगलं हाय. धा वर्सं पाणी मारंल. पर भोक हाय ते बघून न्या."

आणि गंमत बघा, म्हाताऱ्यानं तेच इंजिन नेलं! "ह्यो माणूस भोक दावतोय म्हंजे बाकीचं बी खरंच सांगत असंल की," असं म्हणाला आणि राहिलेलं कुंकू मिस्त्रींच्या कपाळाला लावून गेला. मालकांचा चेहरा मात्र बघवत नव्हता. माझाही नसणार. कारण त्या बॉडीवर पासचा शिक्का माझा होता. लांबी भरलेली मला माहीत होती. मालक म्हणाले होते जाऊ दे, आणि मी जाऊ दिली होती.

मिस्त्रींकडं गाण्यांची एक तबकडी होती. ती त्यांच्याकडं आली कशी, याबद्दल कारखान्यात दोन-तीन कथा होत्या. त्यांनी स्वतः सांगितलेली कथा सगळ्यांत अशक्य वाटायची. एक गोरा मोटरसायकलवरून गोव्याला निघाला होता, त्याची गाडी आपल्या हायवेवर बसली. मिस्त्री जोतिबाचं दर्शन घेऊन परत येत होते. ते थांबले, गोऱ्याला घरी आणलं, दोन दिवस ठेवून घेतलं आणि गाडीला पिस्टन बसवून दिला. गोऱ्यानं मिस्त्रींच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, हातचा मिरचीचा खर्डा खाल्ला, ढसाढसा रडला आणि पुन्हा मागून घेतला. जाताना सामानातून त्यानं ही तबकडी काढून दिली. खाकी कागदाचं पाकीट, त्यावर रबरी शिक्का, तोही तिरका आणि फिसकटलेला. नाव वाचता येत नव्हतं. त्याच्या गावच्या पोरांनी एका गॅरेजात एका दिवसात वाजवलंय, एवढं त्यानं हातवारे करून सांगितलं म्हणे.

मिस्त्रींनी जुन्या बाजारातून मोडका रेकॉर्ड प्लेअर आणून तो दुरुस्त केला, पत्र्याच्या डब्यात स्पीकर बसवला, आणि त्यांचे सोमवार सुरू झाले.

सोमवारी आम्हाला सुट्टी. दुपारी तीनला मंगळवार पेठेतल्या त्यांच्या माडीवर दोन-तीन कामगार जमायचे. दारं बंद, खिडक्या बंद. आतून धडधड, आरडाओरडा. तासाभरानं माणसं जिना उतरायची ती लाल डोळे पुसत. आता सांगा, शेजारपाजार काय समजणार? गल्लीत तीन पक्ष पडले होते. एक म्हणायचा गांजा, दुसरा म्हणायचा मटका आणि तिसरा म्हणायचा युनियन. मी तिसऱ्या पक्षात होतो.

मुंबईकडून तेव्हा रोज संपाच्या बातम्या यायच्या. मालकांनी एक दिवस मला केबिनमध्ये बोलावून दार लावलं.

"त्या मिस्त्रीच्या माडीवर काय चालतंय गा?"

"मला काय माहीत, मालक?"

"माहीत न्हाय तर करून घे. तू बी जाऊन बस त्यांच्यात. युनियन निघाली तर त्यो माणूस दुसऱ्या दिवशी गेटाबाहेर. न्हाय निघाली तर न्हाय. माझं काय त्याच्याशी वैर हाय व्हय?"

वैर होतंच. सगळ्या कारखान्याला माहीत होतं.

मग मालक कागद चाळत म्हणाले, "त्या म्हाताऱ्याच्या बॉडीवर शिक्का तुझा हुता. मी इसरलो न्हाय." म्हणजे मिस्त्री जातील नाहीतर मी जाईन, हा हिशेब मला न सांगता कळला.

पुढच्या सोमवारी मी जिना चढलो. वहिनींनी दार उघडलं. "या की भावजी. ह्यांचं भजन आत्ताच सुरू हुतंय." आत आमच्याच कारखान्यातले बाबालाल टर्नर आणि तुका मोल्डर, दोघंही खाटेवर पाय वर घेऊन उकिडवे बसलेले. मला बघून दोघांची तोंडं उतरली. मिस्त्रींचं मात्र उतरलं नाही. "ये रं इन्स्पेक्टर," म्हणाले, "पाय वर घे. फळीवर पाय आपटला की पिन उडतीया." आणि माझ्या मागचं दार त्यांनी कडी घालून लावलं.

"दार कशाला लावताय?" मी विचारलं. अगदी सहज विचारल्यासारखं.

"शेजारी मिरची कांडप हाय न्हवं. सोमवारी लई गर्दी. दार उघडं ऱ्हायलं की तिखाट उडून रेकॉर्डवर बसतंय. पिनंचं वाटुळं."

त्यांचं बोलणं संपायच्या आत मला सात शिंका आल्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी. दार लावूनही तिखट फटीतून येतच होतं. म्हणजे लाल डोळ्यांचा उलगडा झाला, पण माझं समाधान झालं नाही. मला वाटलं, कारण फारच सोयीचं आहे. ज्याला लपवायचंय तो असंच कारण शोधणार.

मग त्यांनी पिन ठेवली.

आधी नुसती खरखर. मग कुणीतरी खोकला. खोकला! तबकडीत! मग एक जण मोठ्यानं ओरडून इंग्रजीत एक दोन तीन चार म्हणाला, आणि चार पुरतं व्हायच्या आत पत्र्याचं शेड अंगावर कोसळावं तसा आवाज सुरू झाला. मी सरळ कानांवर हात ठेवले. गाणारा गात नव्हता, भांडत होता. वाजवणारे एकमेकांच्या मागं पळत होते, आणि तांब्याभर पाणी प्यायला लागेल तेवढ्या वेळात गाणं संपूनसुद्धा गेलं. लगेच पुन्हा एक दोन तीन चार. मला वाटलं ही कवायत आहे. असं मोजून मोजून संपाची तालीम देत असतील.

एक बाजू संपली. मिस्त्रींनी पिन उचलली आणि डोळे उघडले.

"कसं वाटलं?"

"आवाज फार आहे," मी म्हटलं.

"आवाज न्हवं रं. माल कसा हाय?"

तेव्हा बाबालालनं मला समजावायला घेतलं. हा बाबालाल उरुसाला कव्वालीत पेटी वाजवायचा, सुराचा पक्का. "बघा साहेब," तो म्हणाला, "गाणारा बेसूर हाय, त्यात वाद न्हाय. पण बेसूर हाय हे त्याला ठावं हाय. लपवत न्हाय त्यो. आमच्यात लोक सूर चुकला की खोकतात. ह्यो आधीच खोकून घेतोय!"

तुका शाहूवाडीचा, जत्रेत हलगी वाजवणारा. त्याचा सगळा जीव ढोलवाल्यावर. "लेकाचा चार म्हणू देत न्हाय. तीनलाच सुटतोय. मग बाकीचे त्याला गाठाय पळत्यात. गाठलं की काय मज्जा येती, आँ? अंगावर काटा येतोय!"

आणि मिस्त्री म्हणाले, "कच्चं कास्टिंग हाय हे. साच्यातनं काढलं आनि तसंच ठेवलं. वाळू झाडली न्हाय, कानस मारली न्हाय, लांबी भरली न्हाय. भोकं दिसत्यात. आनि तरी बी इंजान चालतंय बघ, धा वर्सं चालंल."

मी घरी येऊन वहीत लिहिलं की उपस्थिती चार, विषय संगीत, संशयास्पद.

मी सहा सोमवार गेलो. आणि आता जे सांगतो ते सांगायला मला लाज वाटते, कारण तेव्हा मला त्याचाच सगळ्यात जास्त संशय आला होता. तिसऱ्या सोमवारनंतर मला ते आवडायला लागलं. बुधवारीच सोमवारची आठवण यायची. टेबलावर माप घेता घेता पाय हलायचा. मी स्वतःला विचारायचो, बाबा रे, हे तुला खरंच आवडतंय, का ह्यांनी तुला चहातून काही दिलंय? एका सोमवारी मी चहा नको म्हणालो. तरीही आवडलं.

त्यांच्यात एक भांडण कायमचं होतं. तिसऱ्या गाण्यात गिटारीची एक तार तुटलेली आहे, यावर सगळ्यांचं एकमत. तुकाचं म्हणणं, तुटकी तार घेऊनच ती पोरं बसली होती. मिस्त्री म्हणायचे, न्हाय, वाजवता वाजवता तुटली आणि तरी थांबले न्हाईत. ह्यावरून दोघं दर सोमवारी हमरीतुमरीवर यायचे. वहिनी आतून ओरडायच्या, "अवं, त्या पोरास्नी पत्र घालून इचारा की एकदाचं!" पत्र घालायचं तरी कुठल्या पत्त्यावर?

पाचव्या सोमवारी मी डोळे मिटून ऐकत होतो. माझे डोळे मापं बघण्यात तयार झालेले, कान नव्हेत. पण त्या दिवशी धडधडीच्या खालून मला बारीक, अगदी केसाएवढा 'टिंग' ऐकू आला.

"तुटली!" मी ओरडलो. "आत्ता तुटली! दुसऱ्या कडव्याच्या आधी!"

मिस्त्रींनी पिन मागं घेऊन पुन्हा लावली. टिंग. पुन्हा लावली. टिंग. तुकानं कपाळावर हात मारून घेतला आणि बाबालालनं टाळी वाजवली. मिस्त्रींनी माझा खांदा असा काही दाबला की दोन दिवस दुखत होता. "सांगटलं न्हवतं?" तुकाला म्हणाले. "आनि धरली कुणी? इन्स्पेक्टरनं!" बायको सोडून जगात कुणी माझ्या एखाद्या गुणाचं एवढं कौतुक केलं असेल तर ते तेव्हा. बायकोनंही एवढं केलेलं नाही.

सहाव्या सोमवारनंतर मालकांनी हिशेब मागितला. मी इन्स्पेक्शनचा माणूस, मला दुसरं काही लिहिता येत नाही. मी आमचा नेहमीचा फॉर्मच भरून नेला. तारखा, वेळ, हजर माणसं, खाली आढळलेले दोष, त्यापुढं नाहीत. पासच्या रकान्यात मात्र खूण केली नाही. ती मालकांनी सांगितल्यावर करू म्हटलं.

मालकांनी फॉर्म दोनदा वाचला. "चार बापई माणसं कडी घालून सहा सोमवार एकच रेकॉर्ड ऐकत्यात? एकच?"

"हो."

"इंग्लिश?"

"हो."

"इंग्लिश येतं कुणाला त्यातल्या?"

"नाही."

"मला येडा समजतोस का रं?" मालक म्हणाले. "तुला बी फितवला त्यांनी."

आयुष्यात एकदा खरं लिहून दिलं तर ही गत! आणि राग तरी कुणाचा मानू? त्यांच्या जागी मी असतो तर मीही विश्वास ठेवला नसता. ते म्हणाले, "ती रेकॉर्ड घेऊन ये. माझे साडू कॉलेजात इंग्लिश शिकवत्यात. त्यास्नी ऐकू दे. काय बोलतोय त्यो मानूस, आपल्याला बी कळू दे."

मिस्त्री ती तबकडी कुणाला हातसुद्धा लावू द्यायचे नाहीत. तुकानं वर्षभर मागितली होती, नाही दिली. मी संध्याकाळी जाऊन म्हटलं, "मिस्त्री, दोन दिवस घरी नेऊ का? सासऱ्यांचा प्लेअर आहे. निवांत ऐकावं म्हणतो."

तुका तिथंच बसला होता. तो उसळला, "मला कवा दिली न्हाईस, आनि ह्याला?"

"आवडलंय त्याला," मिस्त्री म्हणाले. "तार धरली त्यानं. न्हेऊ दे." त्यांनी तबकडी धुतलेल्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळली, वर वर्तमानपत्र लावलं आणि मला जिन्याच्या खालपर्यंत पोचवायला आले. "उन्हात धरू नकोस, वाकती," एवढंच सांगितलं. सायकलवर बसलो आणि मला वाटलं, ह्याला सगळं कळलंय. कळल्याशिवाय कुणी एवढं सहज देतं का? पण कळलं नव्हतं. मला आवडलंय, एवढ्याच कारणासाठी त्यांनी ती दिली होती.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये मालकांच्या घरचा मोठा प्लेअर टेबलावर मांडला होता. प्राध्यापक रुमालानं चष्मा पुसत बसले होते. मी पिन ठेवली. खोकला आला, एक दोन तीन चार आलं, आणि प्राध्यापकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पहिलं गाणं संपलं. दुसरं संपलं. मी प्राध्यापकांच्या चेहऱ्यावरून नजर हलवली नाही. आज छातीवर हात ठेवून सांगतो, त्या माणसाला एक अक्षर कळलं नव्हतं. पण साडूसमोर कबूल कसं करणार?

"भाषा प्रक्षोभक आहे," ते शेवटी म्हणाले.

"म्हंजे मालकांच्या इरुद्ध?" मालकांनी विचारलं.

"सर्वांच्याच विरुद्ध आहे."

मालक माझ्याकडं वळले. "बघ!" टेबलाखाली त्यांचा बूट मात्र तिसऱ्या गाण्याला ठेका धरून हलत होता. मी स्वतः पाहिलं. त्यांचं त्यांना कळत होतं की नाही, देव जाणे.

आमच्याकडं एक नियम होता. रिजेक्ट मालावर लाल ऑईल पेंटची फुली मारायची, म्हणजे कुणी तो गुपचूप चांगल्या ढिगात सरकवू नये. फुली मारायचं काम माझं.

"मार फुली," मालक म्हणाले.

"मालक, ही रेकॉर्ड आहे."

"रिजेक्ट माल हाय. फॉर्म भर, फुली मार आनि त्याला न्हेऊन दे. म्हंजे त्याला समजंल, आपल्याला समजलंय म्हणून."

"पाकिटावर मारतो," मी म्हटलं.

"मालावर मार. आपण खोक्यावर मारतो व्हय?"

मी नाही म्हणू शकलो असतो. ब्रश माझ्याच हातात होता. पण घरी दोन मुलं होती, शिक्का माझा होता, आणि भीतीला काय, कारणं हवी तेवढी सापडतात. मी तबकडी टेबलावर पालथी सुलटी केली, कुठली बाजू मिस्त्री जास्त लावतात ते आठवलं, आणि दुसऱ्या बाजूला फुली मारली. निदान तेवढं तरी, असं स्वतःला समजावलं. मालकांनी बोटानं तबकडी उलटवली. "हिकडं बी." मी इकडंही मारली. फुली अगदी सरळ आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींना वॉचमननं गेटावरच अडवलं. ते भांडले नाहीत, कारण विचारलं नाही. फक्त आत राहिलेला लांब स्क्रू ड्रायव्हर मागितला. वॉचमननं तो आणून दिला, तेव्हा त्यांनी तो पायजम्याला पुसला आणि सायकल फिरवली. मी खिडकीतून बघत होतो. तुका आणि बाबालालही खिडकीशी येऊन, माझ्याकडं पाठ करून बघून गेले.

मी दुपारीच रजा टाकून तबकडी घेऊन गेलो. टाकून देता आली असती, पंचगंगेत सोडता आली असती. पण मालक विचारणार, दिलीस का म्हणून. हे एक कारण. दुसरं कारण काय होतं, ते मला नीट सांगता येत नाही. मिस्त्री माडीच्या दारातच खाली बसून प्लेअरची मोटर साफ करत होते. मी गुंडाळी त्यांच्या हातात दिली आणि उभा राहिलो.

त्यांनी कापड उलगडलं. रंग पुरता वाळला नव्हता, धोतराचा धागा त्याला चिकटून आला. त्यांनी तबकडी उजेडाकडं धरली. एक बाजू बघितली, दुसरी बघितली. अंगठ्याच्या नखानं एका रेघेतला रंग उकरून पाहिला, थोडासा निघाला, बाकीचा आत बसला. मग बोटानं फुलीच्या दोन रेघांमधली जागा मोजत स्वतःशीच म्हणाले, "हितनं हितपतोर वाजंल. मग अडकंल."

शिव्या देतील, जिन्यावरून ढकलतील, असं धरूनच मी आलो होतो. त्याचीच तयारी केली होती.

"मिस्त्री," मी म्हटलं, "चुकलं माझं."

त्यांनी वर बघितलं. "खरं सांग इन्स्पेक्टर. तुला आवडलं हुतं न्हवं?"

"आवडलं होतं." आणि ते खरं होतं. माझ्या तोंडून निघालेलं इतकं खरं वाक्य मला दुसरं आठवत नाही.

"मग रिजेक्ट कशापायी केलंस?"

आवाजात राग नव्हता. कारखान्यात एक माणूस दुसऱ्याला विचारतो तसं विचारलं, कुठं दोष सापडला तो दाखव म्हणून.

"मालकांनी सांगितलं," मी म्हटलं.

"मालकाचं न्हवं," मिस्त्री म्हणाले. "तुझं इचारतोय."

ते मोटरचे स्क्रू आवळत माझ्या उत्तराची वाट बघू लागले. मग त्यांनीच उठून तबकडी आत नेली आणि मला बाहेर ठेवून दार लावून घेतलं.